आतून दिसणारा उजेड

"तिले काऊन विचारता? ते आतच बरी आहे."

मी झोपडीच्या मागे पाण्याची कॅन उतरवत होते, तेव्हा माझ्याबद्दलचं हे बोलणं ऐकलं. बोलणारा आमच्या गटातला एक दादा होता आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. प्रश्न एवढाच होता की यंदा छपरावर कोण चढणार.

ही झोपडी आर्वीकडच्या टेकडीवर आहे. वनखात्याच्या चौकीदाराने ती केव्हाच सोडली; आता आमचा वर्ध्याचा सात-आठ जणांचा गट ती राखतो. वानरं वर्षभर छपरावर उड्या मारून कवेलू, म्हणजे कौलं, फोडतात, म्हणून पावसाळ्याआधी एका शनिवार-रविवारी सामान पाठीवर घेऊन आम्ही चढून येतो आणि कवेलू फेरतो. एका वेळी छपराच्या एका उतरत्या बाजूची, म्हणजे एका पाख्याची, सगळी उतरवायची, फुटकी बाजूला टाकायची आणि खालच्या कडेपासून आढ्यापर्यंत पुन्हा लावत जायची.

या कामाला एक माणूस आत लागतो. दार लावून तो अंधारात बसतो आणि जिथे फटीतून उजेड दिसेल तिथे वरच्या माणसाला सांगतो. ते काम माझं होतं. मी सांगत नसे, बांबूची काडी वर टोचत असे. छपरावर गटातले सगळ्यांत मोठे काका असत. काडी टोचली की ते काही न विचारता तेवढंच कवेलू सरकवत. आमचं तीन वर्षं असंच चाललं होतं, आणि काकांनंतर छप्पर आपल्याकडे येणार असं मी मनात धरून होते. कुणाला बोलले मात्र नव्हते.

यंदा काकांचे गुडघे दुखत होते. आणि गटात रोहणा गावची एक मुलगी नवीन आली होती.

"काका, तुम्ही खाली बसून नुसत्या शिव्या द्या, चढते मी. घरचं छप्पर मीच फेरत असते," ती म्हणाली आणि चढलीसुद्धा. काका हसले. ऊन लागेल म्हणून त्यांनी आपला दुपट्टा वर फेकला, तिने तो डोक्याला गुंडाळला. मी पाण्यात भिजवलेला माझा रुमाल डोक्यावर घेतला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आत बसून मला सगळं ऐकू येत होतं. ती रोडगे भाजायला गोवऱ्या कशा रचायच्या ते वरूनच सांगत होती. मी शाळेत शिकवते त्या इंग्रजीवर दोन वर्षं चाललेले विनोद आज कुणाला आठवतही नव्हते. ते मला कधी आवडले नव्हते, तरी आज त्यांचीही उणीव भासली. ती कुठेतरी घसरावी, फार नाही, थोडीशी, असं मला वाटलं. ती घसरली नाही. तिचं काम चांगलं होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

मी काडी टोचली. तिने भलतंच कवेलू हलवलं. मी पुन्हा टोचली.

"ताई, काडी काय टोचून राह्यल्या, तोंडानं सांगा ना!"

बाहेर सगळे हसले. काकाही हसले. त्यांचं हसू मला वेगळं ओळखू आलं.

दुपारी पुढचा पाखा पूर्ण झाला. आढ्याजवळ एक फट राहिली होती; तिच्यातून रुपयाएवढं ऊन नेमकं माझ्या पायावर पडत होतं. मी काडी बाजूला ठेवली. बाहेर काका तिला म्हणत होते, "मागचा पाखा बी उद्या तूच कर, बाई. आता पुढच्या वर्षी मी नाई आलो तरी चालते."

मी दार उघडून बाहेर आले. केसांत माती होती, डोळे उन्हाने मिटत होते. ती शिडीवरून उतरत होती, दुपट्टा अजून डोक्याला होता. वांग्याच्या भाजीभोवती बसलेल्यांपैकी कुणीतरी मला विचारलं, झालं का? बहुतेक मी मान हलवेन असंच सगळ्यांना वाटलं असावं, कारण उत्तराआधीच ते ताटांकडे वळले.

"आढ्याजवळ उजेड दिसतोय," मी म्हणाले. "आणि मागचा पाखा उद्या मी फेरते, काका. आत तिला बसवा."