विहीणबाईंचा बटाटा

अश्केलोनच्या मल्काबाई झिराडकरांच्या स्वयंपाकघरात, यहुदी धर्माच्या नियमाप्रमाणे, दूध आणि मटण यांचं हाडवैर होतं, आणि ते टिकवण्यात मल्काबाई जातीने लक्ष घालायच्या. दुधाची भांडी खिडकीकडच्या कपाटात, मटणाची दाराकडच्या. सुऱ्या वेगळ्या, फडकी वेगळी, घासणीसुद्धा वेगळी. मटणाचा चमचा दुधाच्या खणात सापडला की घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी व्हायची. नवरा अब्राहम हयात होता तेव्हा तो बिचारा चहाच्या कपाला हात लावण्याआधी विचारायचा, "मल्का, आता पिऊ काय? का अजून मटण पोटातच आहे?" घड्याळ बघून मल्काबाई परवानगी द्यायच्या किंवा नाकारायच्या.

जन्म झिराडचा, वाढल्या माझगावात, आणि लग्न होऊन दोन ट्रंका घेऊन इस्राएलात आल्या. त्यांच्या आधी जी माणसं आली त्यांच्याबद्दल इथल्या मोठमोठ्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, शंका काढली होती, की हे कोकणातले लोक खरे यहुदी का नुसते म्हणतात म्हणून? ते पुढे मिटलं, पण मल्काबाईंच्या डोक्यातून गेलं नाही. त्या तापून म्हणायच्या, "आमच्या आजीने कधी रब्बी बघितला नव्हता, तरी मटणात दुधाचा थेंब पडू दिला नाही. रस्सा दाट करायचा तर नारळाचं दूध घालायची. आणि हे आम्हाला शिकवणार!" पुढे जन्मभर त्यांनी जगाला दाखवून द्यायचं मनावर घेतलं. प्लॅस्टिकच्या कारखान्यात बादल्यांना कड्या लावता लावता त्या शेजारणीच्या डब्यात डोकवायच्या आणि तिच्या सँडविचवर निकाल द्यायच्या.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला एस्थरबाई पेणकरांना. एस्थरबाई म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हझानची, बिन्यामिन पेणकरांची बायको. त्यांच्या मुलीच्या लग्नात मटण पुलावाच्या पातेल्याशेजारी, कचऱ्याच्या डब्यात मल्काबाईंना लोण्याचा कागद सापडला. दुसरी असती तर तिने एस्थरला कोपऱ्यात घेऊन विचारलं असतं. मल्काबाईंनी तो कागद दोन बोटांत धरून भर हॉलमध्ये वर केला. कागद सकाळी पोरांच्या नाश्त्याचा होता हे नंतर कळलं, पण तोवर अर्ध्या लोकांनी ताटं बाजूला सारली होती. एस्थरबाईंनी तेव्हापासून मल्काबाईंशी भांडण केलं नाही. त्या फक्त हसून बोलायच्या, आणि वाट बघायच्या.

तर अशा या मल्काबाईंच्या एकुलत्या एका मुलाने, इतामारने, सत्त्याण्णव साली लग्न ठरवलं ते हैफाच्या हादासशी. मुलगी गोड होती. पण तिची आई रिव्का पोलंडकडच्या घराण्यातली, शुक्रवार संध्याकाळचे शब्बाथचे दिवेसुद्धा आठवण झाली तर लावणारी. त्यातून हिब्रूत अहो-जाहो नाही, त्यामुळे हादास पहिल्या दिवसापासून होणाऱ्या सासूला सरळ "मल्का" अशी हाक मारायची. मल्काबाई ते औषधासारखं गिळायच्या.

विहीणबाई पहिल्यांदा जेवायला आल्या त्या एका शुक्रवारी संध्याकाळी. मल्काबाईंनी मटणाचा रस्सा, पुलाव, तळलेली मासळी, असा बेत केला होता. रिव्काबाई दारात उभ्या राहिल्या त्या काचेचं एक अगडबंब भांडं पोटाशी धरून. आत कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर होता. त्याला इथे 'पुरे' म्हणतात आणि तो इथल्या लोकांना कधीच पुरे होत नाही.

मल्काबाईंनी भांडं आत नेलं. तळाशी दुकानाचं लेबल तसंच होतं. "बघ, महागाचं भांडं आणलं म्हणून दाखवायला लेबल ठेवलंय," त्या इतामारला मराठीत म्हणाल्या. "आणि काय रे, यात दूध नाही ना? विचारलंस?"

"इमा, हाकोल बेसेदेर," इतामार म्हणाला. आई, सगळं ठीक आहे. त्याचे डोळे बाहेर हादासकडे होते आणि प्रश्नाचा पहिला अर्धा भाग त्याने ऐकलाच नव्हता. पण मटणाच्या जेवणाला येणारी यहुदी बाई बटाट्यात लोण्याऐवजी बिनदुधाचं मार्गरीनच घालणार, असं मल्काबाईंनी धरून चाललं.

मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हणून झाला, ताटं वाढली गेली. रश्श्यापुढे त्या पांढऱ्या गोळ्याकडे कोण बघतो? प्रत्येकाने शिष्टाचार म्हणून एकेक चमचा घेतला. मल्काबाईंनी आपला चमचाभर बटाटा न चाखताच हाडाखाली सरकवला आणि वर रस्सा ओतला. रिव्काबाई ताटांकडे बघत होत्या. जेवणं झाली तरी डोंगराचा फक्त शेंडा गेला होता. मग, गाडीला हात लावायचा नसतो अशा भर शब्बाथच्या रात्री, व्याही-विहीण गाडीत बसून हैफाला निघून गेले. समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांनी ते पाहिलं.

भांडं राहिलं फ्रीजमध्ये. आता, मल्काबाईंना लोकांचा स्वयंपाक नापसंत असला तरी अन्न टाकवत नसे. सोमवारी सिनेगॉगच्या हॉलमध्ये बायकांचा दर आठवड्याचा मेळावा होता, प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं होतं. मल्काबाईंनी खिमा काढला. आलं, लसूण, हिरवी मिरची, पुदिना घालून तो कोरडा परतला, वर लिंबू पिळलं. मग विहीणबाईंच्या बटाट्याकडे वळल्या. तो इतका सैल, की हातात घेतला तर बोटांतून पळायचा. "हिच्या बटाट्याला कणा नाही," म्हणत त्यांनी तो कढईत घालून पाणी आटेपर्यंत घोटला. पेसाहच्या सणाचं उरलेलं मात्झाचं, म्हणजे बिनखमिरी रोटीचं, पीठ त्यात मळून तो जरा शुद्धीवर आणला. कसला तरी गोडसर वास येत होता, पण शेजारी पाट्यावर चटणीसाठी नारळ वाटलेला होता, आणि मल्काबाईंच्या घराला नारळाचा वास कधी नसतो?

एकेक गोळा हातावर घेऊन त्याची वाटी करायची, खिमा भरायचा, तोंड बंद करून चपटा करायचा. अंड्यात बुडवायचा, रव्यात लोळवायचा आणि तेलात सोडायचा. पहिला पॅटीस फुटला आणि खिमा कढईभर पसरला. मल्काबाईंनी विहिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आच वाढवली आणि तेल चांगलं तापल्याशिवाय दुसरा सोडला नाही. तो राहिला. एका बाजूने लाल झाल्याशिवाय त्याला उलथनं दाखवलं नाही. बाकीचे निमूट तळले गेले, बाहेरून असे कुरकुरीत की चमचा आपटला तर टकटक वाजावेत.

हॉलमध्ये ते ताट टेबलावर ठेवलं आणि बघता बघता रिकामं झालं. चाखायच्या निमित्ताने हझानसाहेबही आत आले. त्यांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि तिसऱ्याला डोळे मिटले.

"मल्काबाई," ते म्हणाले, "रेवदंड्याला आमची आई असे करायची. बॉम्बेला आलो नि ही चव गेली. आज गावली." एस्थरबाईंनीही गुपचूप दोन खाल्ले.

"हाताला वळण लागतं," मल्काबाई म्हणाल्या. "लहानपणापासून." बटाटा कुणाचा हे त्यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

मंगळवारी हादास भांडं न्यायला आली. मल्काबाई खुशीत होत्या. उरलेल्या बटाट्याचं आपण कसं सोनं केलं, हे त्यांनी तिला मोडक्या हिब्रूत हातवारे करून सांगितलं.

हादासचा चेहरा उजळला. "आईचा पुरे! अगं मल्का, तो आमच्या घरी कधी उरतच नाही. ती अर्धं पाकीट लोणी घालते. आणि वर पेलाभर साय."

मल्काबाई खाली बसल्या. खुर्ची होती म्हणून बरं.

"काय झालं?" हादासने विचारलं. मल्काबाईंनी पाणी मागितलं आणि तिला भांड्यासकट वाटेला लावलं. मग त्या एकट्याच स्वयंपाकघरात दोन कपाटांच्या मधोमध उभ्या राहिल्या. लोणी, साय आणि खिमा. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कढईत! बायकांना खायला घातलं, हझानला खायला घातलं, आणि त्याच्या तोंडात त्याच्या आईचं नाव येईपर्यंत घातलं. एस्थरचा कागद नुसता नाश्त्याचा होता, तरी आपण तो वर धरला. आता हिला कळलं तर ती काय वर धरील? मल्काबाईंना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. गप्प बसायचा विचार त्यांच्या मनात आला. चांगला रात्रभर मुक्काम करून गेला. पण जिने जन्मभर दुसऱ्यांच्या डब्यात डोकावलं तिला स्वतःच्या कढईकडे पाठ फिरवता येईना.

सकाळी त्या पेणकरांच्या घरी गेल्या. दार एस्थरबाईंनी उघडलं.

"हझानसाहेब आहेत काय? जरा खासगी बोलायचं होतं."

"बोल ना. मी आतच आहे," एस्थरबाई म्हणाल्या आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन बसल्या.

मल्काबाईंनी सगळं सांगितलं. हाडाखाली लपवलेल्या चमच्यापासून सायीपर्यंत. सांगताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. हझानसाहेबांनी नकळत पोटावर हात ठेवला. तिथे तीन पॅटीस गेले होते. खरं म्हणजे पाच. दोन त्यांनी जाता जाता रुमालात घेतले होते.

"पण तुम्ही विहिणीला विचारलंत?" ते घाईघाईने म्हणाले. "पोरीने सांगितलं ते नेहमीचं. त्या दिवसाचं काय ठाऊक? आणि मी म्हणतो, मल्काबाई, विचारायलाच पाहिजे असं तरी कुठे आहे? ठाऊक नाही तोवर—"

"विचारायला पाहिजे," एस्थरबाई म्हणाल्या. त्या उठल्या, टेलिफोन उचलून आणला, वायर ओढून घेतली आणि मल्काबाईंच्या मांडीवर ठेवला. "इथूनच लाव. मी पण ऐकते."

मल्काबाईंनी नंबर फिरवला. एस्थरबाई रिसीव्हरला कान लावून बसल्या, इतक्या जवळ की दोघींचे चष्मे एकमेकांवर आपटले.

"रिव्का," मल्काबाई हिब्रूत म्हणाल्या, "तू आणलेला तो पुरे. त्यात दूध होतं काय?"

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला.

"होतं," रिव्काबाई म्हणाल्या. हझानसाहेबांनी बायकोच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि डोळे मिटून घेतले. "मला वाटलंच होतं तू विचारशील. मी सगळं बिघडवलं ना? इतामारने सांगितलं होतं, तुम्ही लोक मटणाबरोबर नारळाचं दूध वापरता. मी इथली सगळी दुकानं पालथी घातली. शेवटी थाई कामगारांच्या दुकानात डबा मिळाला. मग वाटलं, आपली भांडी चालायची नाहीत, म्हणून पातेलं नवं घेतलं, काचेचं भांडंही नवं. पण मला त्या दुधाचा अंदाज नाही. पातळ झालं, गोड झालं. मी बघत होते, कोणीच खाल्लं नाही. नवरा गाडीत म्हणाला, जे येत नाही ते करायला कशाला गेलीस?"

मल्काबाईंच्या डोळ्यांपुढे ते लेबल आलं. आपण त्यावरून काय काय बोललो होतो! सत्तरीला टेकलेल्या, नारळावर वाढलेल्या बाईला नारळ ओळखता आला नाही, कारण तो तिने चाखलाच नाही.

"नारळ," एस्थरबाईंनी नवऱ्याला हळूच सांगितलं. हझानसाहेबांनी मोठा श्वास सोडला आणि आशीर्वादाचे शब्द पुटपुटले. डब्यावर कोशेरचा, म्हणजे धर्माला चालतं असा, शिक्का होता का, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते पाच पॅटीसच्या पाठोपाठ गिळलं.

"रिव्का, ऐक," मल्काबाई म्हणाल्या. "मी तुझा चमचाभर बटाटा हाडाखाली लपवला. न खाता. मग उरलेल्याचे पॅटीस तळले आणि माझे म्हणून लोकांना वाढले. इथे एक म्हातारा बसलाय, त्याला ते खाऊन त्याची मेलेली आई आठवली. मला वाटलं माझ्या हाताने."

पलीकडून हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

एस्थरबाईंनी कान रिसीव्हरवरून काढला. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट समोर येऊन बसली होती. त्यांनी ती सावकाश उचलली. "म्हणजे मल्का," त्या म्हणाल्या, "रेवदंड्याची ती चव. ती तुझी नव्हतीच."

मल्काबाईंनी तोंड उघडलं. तळण माझं होतं, खिमा माझा होता, कणा मी दिला, हे सगळं तोंडाशी आलं होतं.

"नव्हती," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या कचऱ्यातला तो कागद. तो पण पुलावाचा नव्हता. मला त्याच दिवशी कळलं होतं, एस्थर. मी बोलले नाही."

एस्थरबाईंनी टेलिफोनची वायर उगाच सरळ केली.

"तिथली ती बाई काय म्हणतेय?" रिव्काबाईंनी फोनमधून विचारलं. मराठी त्यांना कुठून कळणार?

"विचारतेय, परत कधी येणार म्हणून," मल्काबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "या शुक्रवारी ये. तोच पुरे आण, त्याच डब्यातला. आणि रिव्का, भरपूर कर. सोमवारसाठी उरला पाहिजे."