माहेरी जायची परवानगी

लग्न झालं की माणसाला सोबत मिळते म्हणतात. नीमियाला मिळाली ती कॅन्ससच्या वाऱ्याची. नवरा, क्लेटन, पवनचक्क्या दुरुस्त करायचा. सोमवारी गेला की शुक्रवारी उगवायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. माणूस सोन्यासारखा, पण सोनं आठवडाभर बाहेरगावी असलं तर घालायचं कधी? ती पाराग्वेहून कॅन्ससमधल्या एम्पोरियाला शिकायला आली होती. बरोबरच्या मुली शिकून आपापल्या घरी गेल्या. ही लग्न करून राहिली.

अर्ज करण्याआधी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या हॉस्टेटलरबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं फोड करून सांगितलं होतं. "नवरा अमेरिकन आहे, तेव्हा तुला इथे कायमचं राहता येईल. वाटा दोन. एक तर मायदेशी जा, तिथल्या वकिलातीतून व्हिसा घे आणि मग ये. नाहीतर इथेच अर्ज कर. इथे केलास तर नवऱ्याजवळ राहशील, पण निकाल लागेपर्यंत परवानगीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलंस तर अर्ज बाद. आणि विद्यार्थी व्हिसावर परत आत येईन म्हणू नकोस. तो परत जाणाऱ्यांसाठी असतो."

"तिकडून केला तर किती वेळ लागेल?" क्लेटनने विचारलं.

"वर्ष, दीड वर्ष. जास्तही."

"मग इथेच," तो म्हणाला. नीमियालाही तेच हवं होतं. नव्या नवरीला दुसरं काय हवं असणार!

तिची आई तिकडे कोरोनेल बोगादो गावच्या बसथांब्यावर चिपा विकायची. चीज घातलेल्या त्या गरम कड्यांची टोपली डोक्यावर, आणि बस आली की खिडकीखिडकीशी धाव. धंद्याला निघण्यापूर्वी रोज सकाळी मायलेकी फोनवर तेरेरे प्यायच्या. बर्फाच्या पाण्यातला हा पाला एकाच पेल्यातून, एकाच नळीने, आळीपाळीने प्यायचा असतो. एम्पोरियात पाळी कुणाची येणार? नीमिया आपला पेला ओढायची, मग आईच्या नावाचा भरायची आणि तोही आपणच संपवायची. त्या घरात दिवसभरात तिचं एवढंच काय ते बोलणं व्हायचं.

मग आईने टोपली उचलणं सोडलं. पुढे फोनवर ती बसून बोलायला लागली, नंतर पडून. "काही नाही गं, अशक्तपणा," आईला सांभाळणारी ओब्दुलिया मावशी मागून ओरडायची. नीमियाने प्रवासाची परवानगी अर्जासोबतच मागितली होती, ती कुठल्या तरी ढिगाऱ्यात पडून होती. घरचं कुणी अत्यवस्थ असेल तर शहरातल्या इमिग्रेशन कार्यालयात डॉक्टरचा कागद दाखवून ती हातोहात मिळते, असं हॉस्टेटलरबाई म्हणाल्या. मावशीने कागद पाठवला. नीमिया धावत गेली.

खिडकीतल्या माणसाने तो वाचला. "प्रकृती स्थिर. लवकर आराम पडेल. बाई, ही तर चांगली बातमी आहे!" त्याने हसून कागद परत सरकवला.

बाहेर गाडीत बसून तिने मावशीला फोन लावला. "मावशी, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाला?"

मावशी अंगणात गेली असावी, कोंबड्या ऐकू येत होत्या. "पोटात गाठ आहे. पसरलीय. पण आजाऱ्याबद्दल असलं बोलतात का कुणी? आणि कागदावर? मीच डॉक्टरच्या पाया पडून ते गोड लिहून घेतलं. दवाखान्यातून कागद तिच्या सहीशिवाय बाहेर जात नाही. वाचलं असतं ना तिने!"

"त्या गोड कागदावरच अडलंय माझं! खरं लिहून घे."

"मी नाही तिला सांगायची. एवढा जीव कठोर असेल तर तू सांग."

तिने क्लेटनला फोन केला. तो कुठल्या तरी पवनचक्कीच्या माथ्यावर होता. "तशीच निघ तू," तो वाऱ्यातून ओरडला. "बाद झाला तर झाला. परत करू."

"परत म्हणजे दीड वर्ष मी तिथे, तू इथे."

तो म्हणाला, "मीच म्हणालो होतो, इथेच म्हणून." त्याचा काही दोष नव्हता हे तिला कळत होतं, तरी तिला त्याचा राग आला. रागवायला तरी दुसरं कोण होतं तिला?

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर तिने आईच्या नावाचा पेला भरला आणि तसाच ठेवला. "आई, डॉक्टरला खरं लिहू दे."

"काय खरं?"

"तू बरी होणार नाहीस, हे. त्याशिवाय मला सोडत नाहीत."

इतके दिवस सगळ्या गल्लीने जे आईपासून लपवलं, ते तिला पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकावं लागलं.

"तुमच्या अमेरिकेत आईला भेटायला आई मरायला टेकावी लागते होय?" आई म्हणाली. "ओब्दुलियाला म्हणावं, पेन दे मला."

नवा कागद आला. त्याच माणसाने वाचला, या वेळी हसला नाही, आणि परवानगी दिली. हवं ते मिळालं होतं आणि नीमियाला स्वतःची शिसारी येत होती. तशीच ती विमानात बसली.

आईच्या घरात शेजारणी जमल्या होत्या. "पुढच्या आठवड्यात थांब्यावर दिसशील बघ," असं जी ती आईला म्हणत होती. आई मूठभर उरली होती. तिने हाताने सगळ्यांना बाहेर घालवलं.

"चालला का कागद?"

"चालला."

"मग झालं तर. बस इथे. आणि आता बाकीच्या म्हणतात तसं तूही म्हण."

नीमियाने पेला भरला. आपली पाळी संपवली, पुन्हा भरला आणि आईच्या हातात दिला.

"म्हण की गं."

"बरी होशील तू," नीमिया म्हणाली. "पुढच्या आठवड्यात थांब्यावर जायचंय आपल्याला."

"जाऊ की," म्हणत आईने नळीला ओठ लावले.