एक ओळ खाली
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला पावर हाउस नावाच्या वस्तीच्या बाजारातला, दुकानांच्या वरच्या मजल्यावरचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो. आम्ही तिथं जावा शिकत होतो. शेवटच्या दिवशी घरच्यांना आपापलं वेबपेज दाखवायचं होतं: नाव टाइप करून बटण दाबलं की पेजनं त्या नावानं नमस्कार करायचा. खाली ऑटोवाले दुर्ग शहराच्या सवाऱ्यांसाठी ओरडत होते. रेल्वेची ड्युटी संपवून थेट आलेल्या बाबांनी एका बोटानं मराठीत आपलं नाव टाइप केलं, आणि नमस्कारापुढे भलतीच चिन्हं उमटली. शेजारी बसलेल्या, हुडको कॉलनीतल्या माझ्या मैत्रिणीच्या पेजवर मात्र त्यांनी टाइप केलेलं तेच नाव काना-मात्रेसकट लख्ख आलं. "पाह्य, माह्यं नाव कसं बराबर आलं!" बाबा हरखले. "अजून एक डाव दाखव ना, बेटा." मला ते कधी बेटा म्हणत नसत. "काका, तिनंबी तेच लिहिलं आहे," ती म्हणाली. "मराठी अक्षरं येऊन राहिली, हे नाव वाचायच्या आधी प्रोग्रामले सांगा लागते. तिनं ते एक ओळ खाली सांगतलं." तिनं माझी बाजू घेतली, याचाच मला जास्त राग आला. बाबांनी मोबाइल काढून तिच्या पेजचा फोटो घेतला. आता मी बनवलेल्या पेजांवर रोज कितीतरी लोकांची नावं बिनचूक येतात. बाबांचे मोबाइल बदलले, तो फोटो मात्र दर वेळी नव्यात आला. पाहुण्यांना दाखवताना ते कौतुकानं म्हणतात, "आमच्या पोरीनं बनवलं हे," आणि तेव्हाही मी त्या मैत्रिणीवरच जळते.