कूमा गोर्दाना

गोर्दाना मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने लपवलं.

माझा धाकटा भाऊ नागेश रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याची बायको वेस्ना जर्मनीतच जन्मली, वाढली. आईवडील मात्र सर्बियातल्या एका खेड्यातून आलेले. आणि गोर्दाना ही वेस्नाची कूमा. कूमा म्हणजे नक्की कोण, हे लग्नातच कुणाला तरी विचारून घ्यायला हवं होतं. चर्चमध्ये नवरानवरीला अगदी लागून, हातात मेणबत्ती घेऊन, ही धिप्पाड बाई निळ्या पोशाखात उभी होती. सख्खी बहीण म्हणून मी साताऱ्याहून आणलेला शालू नेसून तिसऱ्या रांगेत बसले होते आणि सगळ्यांचे कोट सांभाळत होते.

ती सिटीबस चालवायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस लालभडक रंगवलेले, मनगटं पुरुषासारखी. लग्न एकदा केलं आणि एकदा मोडलं. त्याबद्दल विचारलं तर हात झटकून दुसरं बोलायला लागायची. आईवडिलांच्या मागोमाग आठव्या वर्षी जर्मनीत आली होती. वेस्नापेक्षा बरीच मोठी, पण एकाच इमारतीतली, त्यामुळे वेस्नाला हिनेच खेळवलेलं. हे सगळं मला वेस्नाने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

नागेशच्या घराची एक किल्ली तिच्या जुडग्यात असायची. मी आमच्या घरून, एर्लांगेनहून, गाडी बदलून, चकल्यांचा डबा छातीशी धरून पोचायची आणि दार उघडायला ही. "ये, ये, आत ये," म्हणायची. माझ्या भावाच्या घरात मला! फ्रिज उघडावा तर पुढे हिने केलेल्या भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या, आणि माझी शेंगदाण्याची चटणी मागे, भिंतीला टेकून. नागेश पोळीला तिची चटणी लावून खायचा, तेही माझ्यासमोर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आई-बाबा गेल्यावर नागेशला मी आणि मला नागेश, असंच मी धरून चालले होते. मला मूल नाही. माझा नवरा प्रणव चेष्टेने म्हणतो, "तू नणंद असून सासूची हौस भागवून घेतेस." घेते. कुणीतरी घ्यायलाच हवी.

२००७ सालच्या मे महिन्यात नागेशला मुलगा झाला. वेस्नाला दिवस गेल्याचं मला सहाव्या महिन्यात कळलं होतं, आणि तेव्हाच मी तीन आठवडे त्याच्याशी बोलले नव्हते. पण नावाचा विषय निघाल्यावर सगळा राग विसरले. आमच्यात नाव आत्या ठेवते. माझं नाव कुंदाआत्याने ठेवलं आणि "ऊर्मिला म्हणजे माझी निवड हो," असं ती मरेपर्यंत येईल त्याला ऐकवत राहिली. आता माझी पाळी होती. मी 'वेद' ठरवलं. छोटं, सुबक, जर्मन जिभेलाही जड जाणार नाही असं. मूल झालं त्याच संध्याकाळी फोन लावला.

"ताई, आल्झो... म्हणजे, नावाचं जरा वेगळं आहे," नागेश म्हणाला. "यांच्यात नाव कूमा ठेवते."

"कोण?"

"गोर्दाना. लग्नात जी साक्षीला उभी असते, ती पुढे मुलाचं नाव ठेवते. रक्ताची नसते, पण रक्ताच्या माणसांपेक्षा तिचा मान मोठा. आणि तिला नाही म्हणायचं नसतं गं."

"आणि आत्याला नाही म्हणायचं असतं?"

तिकडून बाळ रडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले तर गोर्दाना माझ्याआधीच हजर, ड्यूटीवरच्या कपड्यांत. बाळ तिच्या हातात. मला बघून तिने ते लगेच माझ्याकडे दिलं, यात तिची चूक काढता येत नाही, पण माझ्याकडे दिलं म्हणजे आधी तिच्याकडे होतं.

"वूक," ती म्हणाली. "याचं नाव वूक."

"म्हणजे?" मी नागेशला विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लांडगा."

"लांडगा?" मी मराठीत सुरू झाले. "आता आपण सगळ्यांनी 'लांडगा आला रे आला' करत हिंडायचं का? सोन्यासारखं पोर, आणि नाव काय तर लांडगा! आणि तू मान डोलवलीस?"

"ताई, प्लीज. वेस्ना दमलीये."

वेस्ना उशीला टेकून माझ्याकडे बघत होती. तिला मराठी कळत नाही, पण सूर कळतो. मी बाळ तिच्या कुशीत ठेवलं. परतीच्या गाडीत मात्र माझी धुसफुस चालू राहिली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! बाळंतपण एकीचं, भाचा माझा, आणि मान हिचा.

मग मला युक्ती सुचली. बारसं आपल्या पद्धतीने करायचंच, असा मी हट्ट धरला आणि नागेशने तो लगेच मान्य केला. माझी समजूत पटली असं त्याला वाटलं असेल. बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. कानात काय सांगितलं ते तिसऱ्याला ऐकू जात नाही. मी वेदच सांगणार होते. कागदोपत्री वूक असेल तर असो, त्या पोराच्या कानात पडलेलं पहिलं नाव माझं असणार होतं. गोर्दानाला जन्मात कळणार नव्हतं. या विचाराने मला इतकं बरं वाटलं की रात्री गाढ झोप लागली.

बाराव्या दिवशी सकाळीच मी रेगेन्सबर्गला पोचून घुगऱ्या शिजायला लावल्या. जरा वेळाने गोर्दाना आली, घरून भाजून आणलेला ताटाएवढा पाव टेबलावर ठेवला, माझ्या पातेल्यात चमचा घातला आणि चव घेऊन म्हणाली, "मीठ कमी आहे."

मीठ कमीच होतं. पण माझा तोल गेला.

"मला एक सांग," मी जर्मनमध्ये म्हटलं. "जगात इतकी नावं आहेत. माझ्या भाच्यालाच जनावराचं नाव कशाला?"

तिने चमचा खाली ठेवला. "नागेशने तुला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं. "आमच्या गावाकडे ज्या घरात मुलं राहत नाहीत, तिथे पुढच्या मुलाला वूक म्हणतात. मुलं न्यायला जी चेटकीण येते ती लांडग्याला घाबरते. नाव ऐकलं की आत येत नाही."

"कुणाच्या घरात मुलं राहिली नाहीत?"

मला काहीच माहीत नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्या दांडग्या बाईचा चेहरा एकदम उतरला. "वेस्नाची दोन," ती हळूच म्हणाली. "पोटातच. पहिलं अगदी लवकर गेलं. दुसऱ्याला पाचवा महिना लागला होता. गेल्याच्या आदल्या डिसेंबरात."

त्या डिसेंबरात ते दोघं नाताळच्या सुट्टीला आमच्याकडे येणार होते. वेस्नाला ताप आलाय, असं नागेशने फोनवर सांगितलं होतं, आणि मी त्याला काढा कसा करायचा ते समजावलं होतं. आलं किती, मिरी किती, उकळायचं किती. तो सगळ्याला "हो ताई, हो ताई" करत होता.

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आधी आला तो मत्सरच. हिला माहीत होतं आणि मला नाही. नावाचं एक वेळ सोडा, त्याचं दुःखसुद्धा त्याने हिच्याकडेच दिलं होतं.

आणि मला कळायला हवं होतं. आमच्याकडे अशा घरात पोराला धोंडू म्हणतात, दगडू म्हणतात, केरात लोळवून केरू म्हणतात. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. लांडगा म्हटल्याबरोबर डोक्यात प्रकाश पडला असता, पण डोक्यात जागाच नव्हती. तिथे गोर्दाना बसली होती.

नागेश बाल्कनीत खुर्च्या पुसत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. फडकं पिळत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीने आली असतीस."

"मग? यायला नको होतं मी?"

"आली असतीस, आणि माझ्यापेक्षा जास्त रडली असतीस. मग मी वेस्नाकडे बघायचं की तुझ्याकडे, ताई?"

"आणि ती? ती काय करत होती?"

"काही नाही. ड्यूटी संपली की यायची. भांडी घासायची. वेस्नाच्या पायाशी बसून राहायची. एक अक्षर बोलायची नाही."

मी बोलले असते. खूप बोलले असते. म्हणून आता काही बोलले नाही, त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेल्या दोन खुर्च्या पुसल्या.

दुपारी माणसं जमली. पाळणा नव्हता, तेव्हा किंडरवागन, म्हणजे बाळाची ढकलगाडीच, हॉलच्या मध्यभागी आणून फुलांनी सजवली. नागेशच्या मित्राची बायको नीलिमा 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायला लागली. बाळाला खालून-वरून द्यायला दोघीजणी लागतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कोण हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मी गाडीखालून दिलं, गोर्दानाने घेतलं. तिने वरून दिलं, मी घेतलं. सोफ्यावर वेस्ना प्रत्येक वेळी श्वास रोखून धरत होती. बाळ माझ्या हातात असतानाही आणि तिच्या हातात असतानाही.

मग बाळाला गाडीत निजवलं. मी वाकले. नीलिमा आणि बाकीच्या बायका माझ्या पाठीत धपके घालायला मुठी आवळून मागे उभ्या राहिल्या. गोर्दानाला नीलिमाने खूण करून शिकवलं तशी तीही.

"कुर्रर्र," मी म्हटलं. वेद अगदी जिभेच्या टोकावर होता. हेवा मला त्या क्षणीही वाटत होता, आजही वाटतो, तो काही जात नाही.

कानात हळू सांगायचं असतं. मी सांगितलं ते खणखणीत, उघड्या खिडकीतून खाली रस्त्यापर्यंत जाईल असं. "वूक!"

बाळ दचकलं आणि ओठ काढून रडायला लागलं. पाठीत धपके पडले, त्यातला एक बसवालीचा होता, कळ थेट मस्तकात गेली.

"ताई, अगं हळू," नागेश पुढे आला. "बाळाच्या कानात सांगायचंय ना?"

मी मान वर केली. दाराकडे बघून आणखी एकदा ओरडले, "वूक!" पण रडण्याच्या गलक्यात ते मलाच पुरेसं वाटेना. मग मी गोर्दानाचं मनगट धरून तिला गाडीजवळ ओढलं.

"तू म्हण," मी म्हटलं. "तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे."