फसलेल्या तुकड्यावरचं लाल फडकं

कॉलेजच्या दिवसांतल्या कशाचा अभिमान वाटतो असं कुणी विचारलं, तर मी पदवीचं नाव घेत नाही. सोयाबीनच्या एका पिवळ्या पडलेल्या तुकड्याचं घेते. लोकांना वाटतं मी गंमत करतेय. वाटू दे.

आमचं गाव सिल्लोड तालुक्यातलं. घरी कापूस, मका आणि विहिरीजवळच्या रानात जमेल ते. बारावीनंतर मी शेतकीचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा अर्ध्या भावकीने नाकं मुरडली. शिकून पुन्हा मातीतच हात घालायचा तर शिकायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाचं ऐकलं नाही. स्वतः शहरात येऊन मला वसतिगृहात सोडलं. मात्र निघताना फाटकाशी थांबून म्हणाले, "शीक. लई शीक. पण घरच्या बियाण्याला हात लावायचा नाय."

बियाणं कुठलं आणायचं, त्याला काय चोळायचं, किती पेरायचं, हे आमच्या घरात आबा एकटे ठरवत. आई खडे-माती निवडून द्यायची, तेवढाच बायकांचा संबंध. मला रागच आला. माझ्या नाकावर तो कायम बसलेलाच असतो. मी म्हणाले, "एक दिवस तुम्हीच बोलवाल मला." त्यांनी पिशवी उचलली आणि बसथांब्याकडे निघाले.

कॉलेजात आमचं विद्यार्थी मंडळ होतं. सभासद झालं की अर्ध्या गुंठ्याचा तुकडा मिळायचा. काय पेरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, राबायचंही त्यानेच. शनिवारी सगळ्यांनी आपापल्या तुकड्याचा हालहवाल उभं राहून सांगायचा. पहिल्या शनिवारी मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. वर्षभरात मी अशी बोलायला लागले की मला थांबवायला घंटा वाजवावी लागे. आसपासच्या गावांत जाऊन बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकंही आम्ही करायचो. म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध कसं चोळायचं ते करून दाखवायचं. आपल्याहून तिप्पट वयाच्या माणसांसमोर न चाचरता बोलायला मी तिथंच शिकले.

पोळा झाला की मंडळाची शिवारफेरी असे. आईवडील, आसपासचे शेतकरी, सगळे तुकडे पाहायला यायचे. या फेरीची एक रीत होती. ज्याचा तुकडा फसला त्याने आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तिथं काठी रोवून तिला लाल फडकं बांधायचं. दुसऱ्या दिवशी फेरी सगळ्यात आधी लाल फडक्यापाशी थांबे, आणि काय चुकलं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तपासायला कुणी येत नसे. बांधायचं की नाही, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. ही रीत कुणी पाडली ते आमच्या सरांनाही सांगता येत नव्हतं. पण पहिल्या वर्षी एका दांडगट सीनियरला करपलेल्या मिरचीशेजारी मान ताठ ठेवून बोलताना पाहिलं आणि हे मंडळ आपलं, असं मला वाटून गेलं.

तिसऱ्या वर्षी मी अध्यक्षपदासाठी उभी राहिले. निवड शिवारफेरीनंतर आठवड्याने होती. शिवाय त्या वर्षी पहिल्यांदाच आबा येणार होते. फोनवर म्हणाले, "तुझा तुकडा बघतो. बरा वाटला तर विहिरीजवळचं रान तुझ्या मनाने पेरू." अध्यक्षपद गेलं असतं तर मी चार दिवस फुगून बसले असते. ते रान मात्र मला हवंच होतं.

आता माझी चूक सांगते. सोयाबीनच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. ज्या जमिनीत पूर्वी सोयाबीन घेतलेलं नाही तिथं हे जिवाणू बियाण्याला चोळूनच पेरावं लागतं, आणि माझा तुकडा तसलाच होता. चोळायचा क्रम ठरलेला असतो: आधी बुरशीनाशक, ते सावलीत सुकलं की अगदी शेवटी जिवाणू. उलटं केलं तर औषधाने जिवाणूच मरतात. हे मी गावोगाव घसा कोरडा करून सांगितलं होतं. आणि पेरणीच्या दिवशी डोक्यात अध्यक्षपदाचं भाषण घोळत असताना गुळाच्या पाण्यात जिवाणू कालवले, बियाण्याला चोळले, मग बाजूला राहिलेली बुरशीनाशकाची पुडी दिसली म्हणून तीही वरून चोळली. चुकतंय हे डोक्यात आलंसुद्धा नाही.

ते कळलं दीड महिन्याने. शेजारचे तुकडे गर्द हिरवे आणि माझा पिवळट. रोप उपटून मुळं धुतली तर ती साफ, गाठ नावाला नाही. बांधावर बसले तेव्हा गुळाच्या पाण्याचा वास आठवला, ती पुडी आठवली, आणि कानशिलं तापली. स्वतःला अशा शिव्या घातल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत.

फेरीला आठ दिवस होते. युरिया पाण्यात विरघळवून फवारला तर चार-पाच दिवसांत पान हिरवं होतं. मुळं उपटून कोण बघतंय? पंधरा लिटरच्या पंपाला तीनशे ग्रॅम युरिया मोजला, पंप पाठीवर घेतला आणि भरदुपारी, सगळे वर्गात असताना, तुकड्यावर गेले. दोन ओळी फवारून झाल्या तोच माझ्या खोलीतली मैत्रीण आली. ती बिडकीनची. माझ्याविरुद्ध अध्यक्षपदाला तीच उभी होती.

"काय मारतीस गं?"

"अळी पडलीय," मी म्हणाले.

तिने पानही उलटून पाहिलं नाही. "यार, आधी सांगायचं ना. दे इकडं, तू सकाळपासून उपाशी हायेस." आणि तिने माझ्या पाठीवरून पंप काढून स्वतःच्या पाठीवर घेतला.

मला तिचा संताप आला. एवढा विश्वास टाकायला कुणी सांगितलं होतं हिला? मग कळलं की संताप तिचा नाही. मी पंप काढून घेतला आणि उरलेलं सगळं पाणी चरात ओतलं. ती बघत राहिली. मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं. जेवायला चल." याउपर त्या विषयावर ती आजतागायत बोललेली नाही.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी मी काठी रोवून लाल फडकं बांधलं. त्या वर्षी साऱ्या शिवारात ते एकच होतं.

आबा सिल्लोडहून पहिल्या एसटीने आले, पांढरा सदरा, पांढरी टोपी. सोबत गावातले चारपाच जण. फेरी निघाली ती थेट माझ्याकडे. लेकीचा तुकडा पहिला म्हणून आबा कौतुकाने पुढे आले. त्यांना फडक्याचा अर्थ माहीत नव्हता. तो सगळ्यांसमोर मीच सांगितला. मग चूक सांगितली: आधी काय लावायला हवं होतं आणि मी काय लावलं. रोप उपटून मुळं दाखवली. गावातला एक जण हसला. आबा हसले नाहीत. ते खाली बसून ओळी पाहत होते.

"ह्या दोन ओळी हिरव्या काहून गं?"

हा प्रश्न तिथं दुसऱ्या कुणाला सुचला नव्हता. अळीची थाप पुन्हा मारता आली असती. शेजारी मैत्रीण उभी होती, पण ती तोंड उघडणार नव्हती.

"युरिया मारला, आबा. तुम्हाला फसवायला निघाले होते. दोन ओळी झाल्यावर थांबले."

आबा उठले, धोतराची माती झटकली आणि म्हणाले, "व्हय का." एवढंच. पुढचे तुकडे त्यांनी मन लावून पाहिले, मैत्रिणीच्या तुरीची वाखाणणी केली आणि दुपारच्या गाडीने परत गेले. विहिरीजवळच्या रानाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही, काढायला तोंड नव्हतं.

अध्यक्ष मैत्रीणच झाली. चार मतांनी हरले तरी तिच्या निवडीवर सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. खरं सांगायचं तर थोडा वेळ तोंड वाकडं होतं. पण फडकं मी बांधलं होतं, दोन ओळींचंही मी सांगितलं होतं, आणि त्यामुळे माझी मान आजही ताठ आहे. आता मी शहरात राहते, बचतगटांच्या बायकांना बीजप्रक्रिया शिकवते. दर वेळी आधी हा किस्सा सांगते. क्रम मग कुणी विसरत नाही.

त्या फेरीनंतरच्या जूनमध्ये मी सुट्टीला घरी गेले होते. ओसरीवर आबांनी ताडपत्री अंथरली होती, तीवर सोयाबीनचं बियाणं पसरलेलं, शेजारी पुड्या आणि गुळाचा खडा. "विहिरीजवळच्या रानाचं हाय," ते म्हणाले. "बस. तूच चोळ."

मी उभीच राहिले. "आबा, मागच्या साली तर माझंच चुकलं होतं."

"व्हय. चुकशील अजून. पण चुकलीस तर सांगशील, एवढं आता मला ठाऊक हाय."

आई दारात उभी होती. मी खाली बसले, डोळे पुसले आणि आधी बुरशीनाशकाची पुडी फोडली.