ह्यांच्या वाटणीचे पेढे

डॉक्टरांनी ह्यांच्या रिपोर्टवर लाल पेनानं गोल काढला आणि श्रीरामपूरहून बेलापूरला येईपर्यंत हे एसटीत एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं तरी काय होतं? माझे थोरले दीर कांद्याला पाणी देता देता बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. त्यांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या दिवशी एसटीत मी मनाशी ठरवलं, ह्यांना तसं बांधावर टेकू द्यायचं नाही. त्याला आता दीड वर्ष झालं. दीड वर्ष मी दुसरं काही केलं नाही, आणि खरं सांगायचं तर दमले.

डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, ती चुकवायची नाही म्हणाले. बाकी सगळं माझ्या पदरात टाकलं. तूप नको, साय नको, तळलेलं नको, मटण नको. रोज पाऊण तास चालणं. मुलानं पुण्याहून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. डॉक्टर म्हणाले, घ्या हवं तर. पण हे गुरुवार पाळतात. मग गुरुवारी माशाचं तेल नको, एकादशीला नको, चतुर्थीला नको, श्रावणात तर नावच नको. डबी फडताळात तशीच राहिली. शेवटी मी जवस भाजून चटणी कुटायला लागले. लसूण सढळ घातला की हे मुकाट्यानं खातात.

चालण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे कामाशिवाय, रिकाम्या हातानं चाललेला माणूस म्हणजे ज्याची गाडी बंद पडली असा माणूस. हे पाटाच्या कडेनं निघाले की शंभर पावलांवर कुणीतरी मोटरसायकल थांबवणार. "काका, बसा मागं, सोडतो." नाही म्हणणं ह्यांच्या स्वभावातच नाही. पंधरा मिनिटांत स्वारी दारात हजर, वर कुठंतरी चहा पिऊन आलेली. अखेर मीच चौकातल्या किराणा दुकानात जाऊन तंबी दिली, "ह्यांना कुनी गाडीवर घ्यायचं न्हाई. डाक्टरनं चालायला सांगितलंय." तेव्हापासून लोक ह्यांना बघून नुसता हॉर्न वाजवतात.

म्हैस घरची आहे. दुधावर बोटभर साय धरते, ती ह्यांना चालत नाही. तूप कढवलं की बरणी पुण्याला जाते, पण भांड्याला लागलेली बेरी कोण फेकून देणार? साखर घालून मीच खायची. पाहुणे आले की भजी व्हायची आणि ह्यांच्या वाटणीची उरायची. मी सगळ्यांच्या मागून जेवते. उरलेलं आपण संपवायचं, असं मला आईनं कधी सांगितलं नाही, सासूनंही नाही. ते हातालाच माहीत असतं.

आणि पेढे. शिर्डी इथून जवळ. नात्यातलं जे कुणी दर्शनाला येतं ते परतताना आमच्याकडे चहाला थांबतं आणि पेढ्यांचा पुडा ठेवून जातं. प्रसादाला नाही म्हणता येत नाही आणि टाकता तर येतच नाही. शेजारी वाटावा, तर शेजाऱ्यांच्याही घरी एक पुडा असतोच. मग हे कणभर पेढा जिभेला लावायचे, हात जोडायचे आणि बाकीचा माझ्या तळहातावर ठेवायचे. "माझ्या वाटणीचा तू खा." मी खायची. पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं. ह्यांचं दुखणंच मी गिळून टाकतेय, असंही कधी कधी वाटायचं. वेडेपणा, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात ह्यांच्या तपासणीला गेलो, तेव्हा रक्त घेणारी मुलगी मला म्हणाली, "काकू, तुमी पन देऊन टाका की. उपाशीच हाय ना?" घरचं आवरून निघायच्या गडबडीत मी चहासुद्धा घेतला नव्हता. दिलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. ह्यांचा आकडा चांगला उतरला होता. डॉक्टर हसून म्हणाले, "काका, जिंकलात." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी दुसरा कागद उलगडला आणि खिशातलं लाल पेन काढलं. माझा आकडा ह्यांच्या पहिल्या आकड्याच्याही पुढे गेला होता.

"तुमच्या घरात खाण्यापिण्याचं कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गोळी लिहून दिली.

या खेपेला एसटीत मी गप्प होते. घरी आल्यावर मी परातीत भाकरीचं पीठ घेतलं. हे ओट्याशी येऊन उभे राहिले. तिथं आदल्या दिवशी आलेला पेढ्यांचा पुडा होता. ह्यांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि अगदी मनापासून काळजीत पडून विचारलं, "मग आता हे कोन खानार?"

मला राग आला. चाळीस वर्षांच्या संसारात असा आला नव्हता. ह्यांचा आला, पेढ्यांचा आला, माझ्या हातांचा सगळ्यांत जास्त आला. ह्यांनी वाईट मनानं विचारलं नव्हतं हे मला कळत होतं, म्हणून तर रडूही येत होतं. मी परात तशीच ठेवली. हात धुतले, चपला घातल्या आणि पाटाच्या रस्त्याला लागले. इतक्या दिवसांत मी तिकडे एकदाही चालायला गेले नव्हते. ह्यांची चालायची वेळ तीच माझी भाकऱ्यांची वेळ.

शंभर पावलं झाली नसतील, मागून मोटरसायकल येऊन थांबली. चौकातला तोच दुकानदार, ज्याला मी तंबी दिली होती.

"काकू, एवढ्या बिगीबिगी कुठं निघाल्या? काकांना काय झालं का? बसा मागं, बसा."

"ते बरे हायेत," मी म्हणाले.

"मग?"

कुणी असं विचारलं की मी 'काही नाही' म्हणते. तेच तोंडात आलं होतं.

"मला बरं न्हाई," मी म्हणाले आणि पुढं चालायला लागले.