जांभळाचा डाग

मी सुरक्षेचा माणूस आहे. रसायनीच्या एका कारखान्यात गेली बावीस वर्षं मी लोकांना अपघात कसे होतात ते समजावतो, रोज सकाळी कामगारांच्या ग्रुपवर सुरक्षेचा सुविचार टाकतो आणि दर सोमवारी सगळ्यांकडून शपथ वदवून घेतो. आवारात दहाच्या वर वेग दिसला, की मी ट्रकवाल्याला खाली उतरवून वेगमर्यादेचा फलक मोठ्याने वाचायला लावतो. (एकाला वाचता येत नव्हतं. त्याच्याकडून पाठ करून घेतला.)

आमच्या कंपनीची बस चारफाट्याला सात वाजून दहा मिनिटांनी येते आणि कुणासाठी थांबत नाही. मी भिसेगावातल्या घरी सातला पाच कमी असताना आंघोळीला जातो. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचं काम माझ्या मुलीकडे, श्वेताकडे होतं. अठरा पूर्ण होऊन तिला चारच महिने झाले होते. ती स्कूटर चालवायची आणि मी मागे बसून मार्गदर्शन करायचो.

"श्वेता, दाब."

"पप्पा, पुढे रिक्षा आहे."

"उजवीकडून काढ. दाब."

"खड्डा आहे पप्पा."

"खड्डा आपला रोजचाच आहे. दाब."

संध्याकाळी हाच मी नाक्यावर उभा राहून, हल्लीची पोरं वारा प्यायल्यासारखी गाड्या पळवतात, यावर अर्धा तास बोलायचो. लोक माना डोलवायचे. मला त्यात काहीच विसंगत वाटत नसे.

त्या सोमवारी शपथेसाठी पांढराशुभ्र शर्ट इस्त्री करण्यात आणखी वेळ गेला. श्वेताने हेल्मेट घातलं होतं. माझं खुंटीवर होतं, कारण हेल्मेटने भांग मोडतो. फाटा जवळ आला तशी लांबून बस दिसली आणि मी श्वेताच्या कानाशी ओरडलो, "दाब, दाब, दाब!" तिने दाबली. त्याच वेळी वाडीवरची एक म्हातारी डोक्यावर जांभळांची टोपली घेऊन रस्ता ओलांडायला निघाली.

श्वेताने ब्रेक मारला आणि गाडी वळवली. गाडी आडवी घसरत गेली. म्हातारी जागच्या जागी उभी राहिली, तिची टोपली खाली पडली आणि मी त्या टोपलीत पडलो. आरसा तिच्या पदराला घासून गेला होता. एक हात इकडे झालं असतं, तर टोपलीच्या जागी ती असती. हे मला तेव्हाच कळलं. बस शेजारून निघून गेली. खिडक्यांतून माझे सगळे सहकारी बघत होते.

म्हातारी आधी श्वेताकडे गेली. "लागलं का गं बाय?" कोपर सोललं होतं. ते पाहून ती माझ्याकडे वळली.

"मागं बसून दाब दाब कोन बोंबलत व्हता? तूच ना रं?"

"मावशी, बस चुकली असती म्हणून..."

"आन मी मेले असते, तं थांबली असती का तुजी बस?"

आम्ही तिघांनी खाली बसून धड राहिलेली जांभळं वेचली. फुटलेल्यांची भरपाई मी दिली. तिने ती घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी दारातच माझी बायको सुनंदा उभी होती. माझा शर्ट बघून तिला वाटलं रक्तच आहे. "काय झालं?" तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तुझी लेक. जोरात चालवते. किती वेळा सांगितलं."

श्वेताने हेल्मेट काढलं आणि माझ्या हेल्मेटशेजारी खुंटीवर टांगलं.

"आन इकडं चावी," सुनंदा म्हणाली. "आजपासून गाडी बंद." पुढच्या आठवड्यात श्वेताचं खालापूरकडचं नर्सिंग कॉलेज सुरू व्हायचं होतं, आणि तिथे वेळेवर पोचायला स्कूटरशिवाय सोय नव्हती. तिने चावी दिली. मी तेव्हाही गप्प राहिलो. नुसता गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं. पण बाप म्हणून कडकपणा दाखवावा म्हणून मी बॅगेतून नियर मिसचा फॉर्म काढून श्वेतापुढे ठेवला.

अपघात होता होता टळला, की कारखान्यात हा फॉर्म भरतात. मूळ कारणाच्या रकान्यात नुसतं 'निष्काळजीपणा' लिहिलेलं मला चालत नाही. "का, का, असं विचारत तळाशी जा," असं मी सगळ्यांना सांगतो. श्वेतालाही सांगितलं. ती तळाशी गेली. सुनंदाने फॉर्म घेतला आणि मोठ्याने वाचला.

"गाडी वेगात का होती? मागून दाब म्हणत होते म्हणून. का म्हणत होते? बस चुकली असती. का चुकली असती? निघायला उशीर झाला. का झाला? सातला पाच कमी असताना आंघोळ. का? तोपर्यंत अंथरुणात मोबाइलवर सुरक्षेचा सुविचार शोधत होते."

खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, "माझी चूक : वेग माझ्या हातात होता. मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय हे?"

"आहे."

"मग मगाशी पोरीचं नाव का घेतलंत?"

मी श्वेताला म्हणालो, "चुकलो मी." एवढं बोलायला मला शपथेपेक्षा जास्त जोर लावावा लागला. सुनंदाने चावी श्वेताला परत दिली आणि माझा मोबाइल काढून घेतला. आंघोळ झाल्याशिवाय तो मिळत नाही.

आता श्वेता तीसवर चालवते, मी हेल्मेट घालून मागे गप्प बसतो आणि बस रोज मिळते. फॉर्म मी मंजूर केला. एकही दुरुस्ती न सुचवता मी मंजूर केलेला तो पहिलाच.

शर्टाचा डाग मात्र गेला नाही. दर सोमवारी शपथ देताना मी मुद्दाम तोच शर्ट घालतो. कामगारांना वाटतं, साहेबांकडे दुसरा नाही.